पान-हो बुसानला गेलाच नव्हता

मी, खाली सही-शिक्का करणार प्यो जोंग-दाल, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा शिवणकाम (आता बंद), राहणार हेपो, शाळेसमोरची गल्ली, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या कापड बेतायच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कोणाच्या धाकाने तर नव्हेच. २००१ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. त्या वेळी मला बऱ्याच गोष्टी माहीत आहेत असे वाटत होते.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. मी सगळे बरोबर केले. पण १९५० सालाबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा बुद्धीची हमी डॉक्टरांची, आठवणीची हमी कोणाचीच नाही. या कागदात जिथे 'मला आठवतं' असे लिहिले आहे, तिथे एवढाच अर्थ घ्यावा की मला तसे आठवते.

कलम १. माझा देह माझी पत्नी सुन-इम हिच्या डाव्या बाजूला पुरावा. उजव्या बाजूला नको. त्या कानाने तिला माझं घोरणं जास्त ऐकू यायचं, आणि चव्वेचाळीस वर्षं तिने ते सोसलं आहे.

कलम २. माझी मोठी कात्री, दोन्ही शिवणयंत्रं, लाकडी फूटपट्ट्या आणि इस्त्र्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या चे ओक-नाम हिला द्याव्यात. या बाईने चाळीस वर्षं गावभर सांगितलं की प्योची काजं वाकडी असतात. काजं वाकडी नव्हती. पण १९८३ साली सरकारने शाळांचे गणवेश बंद केले, माझ्या दुकानात तीन वर्षं माशी फिरकेना, तेव्हा हीच बाई स्वतःकडची कामं 'मला वेळ नाही' म्हणून माझ्याकडे पाठवत होती. वेळ तिला भरपूर होता, मला खिडकीतून दिसायचं. ओक-नामशी माझं भांडण इथे मिटलं. सरकारशी मिटलेलं नाही.

मापांच्या वह्या शाळेला द्याव्यात. गावातला कुठला मुलगा कुठल्या वर्षी किती इंच वाढला हे त्यात आहे. पहिली वही १९५५ ची. त्याआधीच्या मुलांची मापं माझ्याकडे नाहीत, याची मला पुढे फार चुटपुट लागली. ते शेवटी लिहितो.

कलम ३. माझ्या राहत्या घराचा वरचा मजला, मागचं अंगण, बँकेतली शिल्लक आणि आईचं पितळी ताटवाटीचं सामान हे सर्व माझी एकुलती एक मुलगी योंग-ओक, राहणार देगू, हिच्या मालकीचं होईल.

खालचं दुकान, दर्शनी फळ्यांसकट, मी सोक बुन-ई, वय अडुसष्ट, राहणार हेपो, मासळीबाजाराजवळ, हिच्या नावे करत आहे. बुन-ई माझी नातेवाईक नाही. तिच्याशी माझा कसलाही व्यवहार नव्हता. ती बाजारात भाड्याच्या टपरीत मुरवलेला मासा आणि लोणची विकते. ती सोक पान-होची धाकटी बहीण आहे, एवढंच कारण आहे. उद्या कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला भूल पडली होती आणि लोणचेवालीने दुकान लाटलं. तसं कोणी म्हणू नये म्हणून पुढची तीन कलमं सविस्तर लिहितो.

कलम ४. १९५० च्या उन्हाळ्यात आम्ही सहा वर्षांच्या माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्गात होतो, वयं सतरा-अठरा. वर्गात सदतीस मुलं. लढाई उत्तरेकडून सरकत हेपोच्या दारात आली तेव्हा आमच्यातले एकवीस जण बंदूक घ्यायला गेले. सक्ती नव्हती. कवायतीच्या मास्तरांनी विचारलं, एक हात वर झाला, म्हणून दुसरा झाला. माझा कितवा होता ते आठवत नाही. अंगावर शाळेचाच गणवेश, शाळेचीच टोपी, शाळेचं चिन्ह असलेला कमरपट्टा. चार दिवस शिकवलं. जायच्या आधी केस आणि नखं कापून पाकिटात घालून घरी दिली. देह नाही मिळाला तर घरच्यांना पुरायला काहीतरी असावं म्हणून.

माझ्या बाकावर आम्ही चौघं होतो. बोंग दू-ह्यन, जो पुढे याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. चू सांग-जिन, ज्याने वाळवलेल्या मासळीचा धंदा केला. मा चांग-गिल, जो कायम पहिला यायचा. आणि मी. मागच्या बाकावर सोक पान-हो. बाप नव्हता, आई खडकांवरून समुद्रशेवाळ काढून वाळवून विकायची. पान-होच्या वह्यांनाही शेवाळाचा वास यायचा. वर्गाला हसवणं हा त्याचा उद्योग होता आणि बुसानला जाऊन जहाजावर चढणं हा बेत. टेकडीवर खंदक खणताना तो म्हणाला, "मी इथे मरायला नाही आलो बाबांनो. दोन वेळा भात मिळतो म्हणून आलोय. गडबड वाढली की मी आपला बुसानला."

हे वाक्य आम्ही तिघांनी ऐकलं. दू-ह्यन, सांग-जिन आणि मी, आम्हा तिघांचं एकमत असलेली ही बहुधा एकमेव गोष्ट आहे.

शाळेमागे नासपतीच्या बागेची टेकडी आहे, ती आम्ही धरून ठेवायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी हल्ला झाला. चांग-गिलच्या पोटात गोळी लागली. मग ओढ्यापलीकडे मागे फिरायचा हुकूम आला. मला आठवतं ते असं. मी चांग-गिलला पाठीवर घेतलं, बागेच्या राखणदाराच्या झोपडीपर्यंत आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. तो म्हणाला, पाणी. मी म्हणालो, आलोच. आणि मी गेलो तो ओढा ओलांडूनच थांबलो. हे मी सुन-इमला कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, मला नासपती आवडत नाही.

दुपारी हजेरी झाली. मा चांग-गिल हे नाव आलं तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही, सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. पुढे सोक पान-हो हे नाव आलं. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बुसानला गेला." आणि आम्ही हसलो. तशा वेळी हसलो. मीही हसलो, हे मला नक्की आठवतं, कारण हसताना ओठ फुटून रक्त आलं होतं. अधिकाऱ्याने मान वर न करता काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला छप्पन्न वर्षांनी कळलं. 'पसार' असं लिहिलं होतं.

ते वाक्य बोलणारा कोण, हेही आज ठरत नाही. सांग-जिन म्हणतो मीच असेन, मला तेव्हा तोंड आवरत नव्हतं. पण सांग-जिन इतका कमी बोलतो की त्याचं हेही मला खरं वाटत नाही.

एकवीसमधले नऊ जण परत आलो. दर वर्षी ऑगस्टात आम्ही बंदराजवळच्या शेवयांच्या खानावळीत जमायचो. गेलेल्या अकरा जणांसाठी अकरा पेले ओतायचो. एकवीसमधून नऊ आणि अकरा वजा केले की एक उरतो, तो पान-हो. त्याच्यासाठी पेला नसायचा. त्याच्या नावाने शिव्या असायच्या. जेवणातला तो शेवटचा पदार्थच होता म्हणा ना. लेकाचा बोटीवर मजा करत असेल, एक पत्र नाही, आईला एक दमडी नाही. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. मी त्या शिव्या इथे मागे घेतो, सगळ्याच्या सगळ्या, वर्षवार.

कलम ५. तीन वर्षांपूर्वी सैन्याच्या शोधपथकाची एक तरुण कप्तान आमच्याकडे आली. लढाईतल्या मुलांची हाडं अजून डोंगरांत आहेत, ती काढून घरी पोचवायची असं त्यांचं काम. तोवर आम्ही नवाचे तीन उरलो होतो. तिने खानावळीतल्या टेबलावर नकाशा पसरला आणि विचारलं, मा चांग-गिल शेवटी कुठे होता?

मी झोपडीवर बोट ठेवलं. त्याच वेळी दू-ह्यनचं बोट विहिरीवर गेलं. सांग-जिनचं खालच्या वळणावरच्या मोठ्या झाडावर.

"विहिरीच्या कट्ट्याखाली," दू-ह्यन म्हणाला. "मी स्वतः ठेवला त्याला तिथे."

मी म्हटलं, "तू कसा ठेवशील? माझ्या पाठीवर होता तो."

"तुझ्या? जोंग-दाल, तुला चार दिवस हगवण लागली होती. तुलाच सांग-जिनने बखोटीला धरून नेला."

"मी कोणाला धरलं नव्हतं," सांग-जिन म्हणाला. "माझ्या दोन्ही हातांत चांग-गिल होता."

शेवया गार झाल्या. मी विचारलं, तुमच्याकडे त्याने काय मागितलं? दू-ह्यनने पाणी असं नुसते ओठ हलवून म्हटलं. सांग-जिनने मान हलवली. आणि तुम्ही काय म्हणालात? हे मी विचारलं नाही. तिघांच्याही तोंडावर एकच शब्द लिहिलेला होता. चोपन्न वर्षं आम्ही एका टेबलावर जेवत होतो, आणि प्रत्येक जण चांग-गिलला एकट्यानेच टाकून आला होता.

त्या पोरीने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "आजोबा, मग तिन्ही ठिकाणी खणू."

झोपडीची जागा रिकामी निघाली. विहिरीची रिकामी निघाली. झाडाखाली हाडं निघाली, एका मुलाची. शाळेचं चिन्ह असलेलं बकल निघालं. पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या, सैन्याच्या, पत्र्याच्या. डोकं टेकडीच्या दिशेला, वर. सांग-जिन गुडघ्यांवर बसला आणि त्याने जमिनीवर कपाळ टेकवलं. आम्ही चांग-गिलसाठी सोजू दारू ओतली. चांग-गिलचा पुतण्या येऊन हाडांशी जुळवून बघायला रक्त देऊन गेला.

दहा महिन्यांनी कप्तानचा फोन आला. तो चांग-गिल नव्हता. रक्त जुळलं ते हेपोतल्या एका बाईशी. तिने त्याच्याही तीन वर्षं आधी, कोणालाही न सांगता, आरोग्यकेंद्रात जाऊन आपलं रक्त नोंदवून ठेवलं होतं. नाव सोक बुन-ई.

पान-हो बुसानला गेलाच नव्हता. ओढ्यापासून अर्ध्या वाटेवर, वरच्या दिशेला तोंड करून, दोन बाटल्या घेऊन तो तिथेच होता. दोन बाटल्या कशासाठी, हे मी ठरवू शकत नाही. दू-ह्यन म्हणतो, ऑगस्ट होता, माणूस तहानेपोटी दोन घेतो. मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही, कारण मला जे वाटतं ते मग मला आठवायला लागतं.

कलम ६. आम्ही तिघं बुन-ईच्या घरी गेलो. मागच्या वर्षी मार्चमध्ये. तिने आम्हाला जमिनीवर उबदार जागी बसवलं, न विचारता भात आणि मुरवलेला मासा पुढे ठेवला. आमचं खाऊन झाल्यावर ताटं सरकवून म्हणाली, "दादा, एक विचारायचं होतं. बुसानमध्ये त्याला कोणी पाहिलं?"

हे इथे सांगायला हवं. १९५८ च्या हिवाळ्यात गावात बातमी पसरली की पान-हो बुसानच्या बाजारात दिसला, अंगात भारी कोट होता, हाक मारली तर गर्दीत शिरला. बातमी खानावळीतून निघाली, आमच्याच टेबलावरून. त्याआधी पान-होची आई लढाईत हरवलेल्यांच्या चौकशीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे जायची. त्यानंतर जायची थांबली.

मी बुन-ईला म्हणालो, दू-ह्यनने पाहिलं होतं. दू-ह्यन म्हणाला, "मी? मी अठ्ठावन्न साली बुसानला गेलोच नाही. तू कापड आणायला गेला होतास. येऊन तू सांगितलंस आम्हाला." मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. मला तू सांगताना दिसतोयस, तुझ्या हातात मासा भाजायचा चिमटा होता. सांग-जिनकडे पाहिलं तर तो म्हणाला, मला दोघांपैकी कोणीतरी सांगताना आठवतं.

बुन-ईने विचारलं, "कोट कसा होता?"

"चांगला होता," दू-ह्यन म्हणाला. "गरम... असा लांब."

आणि मी एका दमात म्हणालो, "उंटाच्या रंगाचा. गुडघ्याखाली चार बोटं. बाही खांद्यात जोडलेली नाही, गळ्यापासूनच निघालेली. मागे पट्टा, पट्ट्याला दोन बटणं. शिंगाची, चार भोकांची."

बुन-ई म्हणाली, "दादा, मग पाहिलं ते तुम्हीच."

तेव्हापासून मी या एका गोष्टीशी झगडतो आहे. दू-ह्यनला शिवणीतलं काही कळत नाही, तो स्वतःचा शर्ट उलटा घालून शाळेत गेलेला माणूस आहे. असा कोट फक्त शिंप्याला दिसतो. म्हणजे कोट मी पाहिला. बुसानच्या बाजारात तेव्हा जहाजांवरून तसले कोट यायचे, मी तो मागून पाहिला असणार, पट्टा आठवतो त्याअर्थी मागूनच. पण त्या कोटाच्या वर चेहरा कोणाचा होता? मी हाक मारली का? की नुसता कोट पाहून परत आलो आणि खानावळीत कोणीतरी पान-होचं नाव काढलं, आणि कोट रिकामा होता म्हणून मी तो त्याच्या अंगात घातला? मला खरोखर कळत नाही. मी शपथेवर लिहितो की मी जाणूनबुजून खोटं बोललो असं मला आठवत नाही. आणि या कागदाच्या सुरुवातीला जे लिहिलं तेही वाचावं, मला आठवत नाही याचा अर्थ तेवढाच.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट आठवते आणि ती बुन-ईनेही मान्य केली. बातमी पसरल्यावर आठवड्याने पान-होची आई माझ्या दुकानात आली. हातात वाळलेल्या शेवाळाची जुडी. मला म्हणाली, पोरा, तसा कोट शिवायला काय पडतं? मला वाटलं तिला शिवायचाय. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "मावशी, तसा कोट हेपोत एकाच्याही अंगावर नाही. ज्याच्या अंगावर आहे त्याचं उत्तम चाललं असणार." ती बाकड्यावर बसली. माझ्या चिंध्यांच्या पेटीतून एकेक लोकरीचा तुकडा बोटांत धरून बघत राहिली. म्हणाली, यातला सगळ्यात जवळचा कुठला? मी एक तुकडा काढून दिला.

बुन-ई उठली, आतून एक लहान डबा घेऊन आली. तुकडा त्यात होता. मधोमध झिजून जाळी झालेली. "ती गेली तेव्हा तिच्या उशीत निघाला," ती म्हणाली. "एक्याऐंशी साली."

दू-ह्यनने चष्मा काढला. मी म्हणालो, बुन-ई, आम्ही तुझ्या आईचं फार वाईट केलं.

"आईचं?" ती म्हणाली. "आई रोज सकाळी त्याला शिव्या द्यायची आणि शिव्या देऊन पोटभर जेवायची. त्याआधी आठ वर्षं ती धड जेवत नव्हती. तुमच्या कोटाने माझ्या आईला तेवीस वर्षं जगवलं." मग म्हणाली, "माझं वाईट केलंत. ज्यांचे भाऊ गेले त्यांच्या फिया माफ झाल्या. माझा पळाला होता. मला सातवीतून काढलं. आणि बाजारात बायका म्हणायच्या, पळपुट्याची बहीण, हिच्याकडचं घेऊ नका."

मी विचारलं, मग तू रक्त का दिलंस? तुला खरं वाटत नव्हतं?

"एवढा कोट घालणारा माणूस एक फोटो पाठवतो," ती म्हणाली. "आईला हे कधी सुचलं नाही. किंवा सुचलं असेल."

मी तेव्हाच तिला दुकान देऊ केलं. ती म्हणाली, दुकान नको. शाळेच्या फाटकातल्या दगडावर अकरा नावं आहेत, तिथे बारावं पाहिजे.

कलम ७. नाव कोरण्याआधी सैन्याच्या नोंदीतला 'पसार' हा शब्द काढावा लागणार होता, त्याला हयात साक्षीदारांची निवेदनं हवी होती. आम्ही तिघांनी तीन निवेदनं लिहिली. कचेरीने ती परत पाठवली, एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. चिठ्ठी होती, कृपया एकत्र बसून एकच निवेदन द्यावे. आम्ही खानावळीत तीन दुपारी बसलो. दू-ह्यन मुख्याध्यापकासारखा प्रश्न विचारायचा, मी चिडायचो, सांग-जिन मासा सोलून आमच्या ताटांत ठेवायचा. तिसऱ्या दिवशी सांग-जिन म्हणाला, "आपण काय पाहिलं ते सोडा. काय पाहिलं नाही ते लिहू." मग आम्ही एक वाक्य लिहिलं. 'सोक पान-हो पळून गेला, हे आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नाही.' तिघांनी शिक्के मारले. तेवढं पुरलं.

यंदाच्या जूनमध्ये नाव कोरलं. खाली जागा नव्हती म्हणून वर, पहिल्या नावाच्याही वर कोरलं. त्यामुळे नवीन येणाऱ्याला वाटतं तोच सगळ्यांचा पुढारी होता. पान-होला हे आवडलं असतं.

त्याला आईशेजारी ठेवलं. बुन-ईला प्रश्न पडला होता, पूजेचा दिवस कुठला धरायचा. मरणाची तिथी कोणाला माहीत नाही. आई तर दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला शेवाळाचं सूप करून त्याच्या जागेवर ठेवायची, ते जिवंत माणसाचं. बुन-ईने वाढदिवसच धरला. सूप ठेवलं आणि भातात चमचा उभा रोवला, तो गेलेल्या माणसासाठी. माझ्याकडे बघून म्हणाली, "चालेल ना?" मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. माझ्यामागे योंग-ओकने दर वर्षी त्या दिवशी बुन-ईकडे जावं, वाकून नमस्कार करावा, आणि पुढे बुन-ई नसेल तेव्हा सूप स्वतः करावं. ही विनंती नाही, अट आहे.

योंग-ओकशी याबद्दल फोनवर बोलणं झालं आहे. ती आधी रागावली, तो तिचा हक्क आहे. म्हणाली, "बाबा, तुम्ही कोट पाहिलात की नाही याचीच तुम्हाला खात्री नाही. मग दुकान कशाबद्दल देताय?"

मी म्हणालो, "खात्री असती तर माफी मागून मोकळा झालो असतो गं. खात्री नाही म्हणून दुकान."

शेवटी म्हणाली, फळ्यांना रंग तरी लावून द्या. रंग लावला आहे. बुन-ईने घेईन असं म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. "तुम्ही गेल्यावर बघू. इतक्यात जाऊ नका म्हणजे झालं," असं म्हणाली आहे. तिने नाकारलं तर दुकान बंद ठेवावं, पण विकू नये, तिने पुन्हा विचार करावा म्हणून दहा वर्षं.

कलम ८. मा चांग-गिल अजून सापडलेला नाही. कप्तानने टेकडीची उत्तर बाजू पुढच्या वसंतात खणायची म्हटलं आहे. तो माझ्यामागे सापडला तर त्याच्यासाठी अंत्यवस्त्रं तयार आहेत. चांगल्या तागाचं कापड आणून मी ती हाताने शिवली, हे माझं शेवटचं काम. कपाटाच्या खालच्या खणात आहेत. विकतची घेऊ नयेत, विकतच्यांच्या शिवणी मला माहीत आहेत.

शिवताना एक अडचण आली. मला चांग-गिलचं माप आठवेना. तो माझ्या पाठीवर होता असं मी म्हणतो, तर त्याचे पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होते की पोटऱ्यांपर्यंत, हे मला सांगता यायला हवं. दू-ह्यनला विचारलं. तो म्हणाला, उंच होता, फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहायचा. सांग-जिन म्हणाला, बुटका होता, हलका होता, म्हणून तर उचलता आला. वर्गाच्या फोटोत तो बसलेला आहे.

तेव्हा मी आमच्या वयाच्या मुलाचं मधलं माप धरलं आणि सगळ्या शिवणींत चार-चार बोटं कापड आत जास्त सोडलं आहे. टाके सैल घातले आहेत, ओढले की सुटतात. सापडेल तेव्हा ओक-नामला बोलवावं. तो उंच निघाला तर तिने उसवून वाढवावं, बुटका निघाला तर आत घ्यावं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे शिक्का मारला आहे. या लेखाप्रमाणे व्यवस्था पाहण्याचं काम योंग-ओकने करावं आणि कोणीही वारसाने त्यात आडकाठी आणू नये.

ठिकाण: हेपो
तारीख: ९ नोव्हेंबर २००७

प्यो जोंग-दाल (सही व शिक्का)

साक्षीदार १: चू सांग-जिन, निवृत्त मासळी व्यापारी, हेपो (सही व शिक्का)

साक्षीदार २: बोंग दू-ह्यन, निवृत्त मुख्याध्यापक, हेपो (सही व शिक्का)

साक्षीदार क्रमांक २ ची नोंद: जोंग-दालने हा लेख आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आणि कुठे चुकलं असेल तर आत्ताच सांगा, असं म्हणाला. चांग-गिल माझ्यापेक्षा वीतभर उंच होता, एवढं मी सांगणार होतो. मग मला तो बाकावर माझ्या शेजारी बसलेला आठवला, आणि उंच वाटेना.